गोळी सोसेना, तर काय करावे?



आज वर्गात चार शब्द बोला, असे मला सांगितले. विषय माझ्यावरच सोपवला. मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. तुम्हाला वाटले असेल, गुरुजी आता बाराखडीवर किंवा पाढ्यांवर बोलतील. पण मी बोलणार आहे एका लहानशा लाल गोळीवर. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते, ती गोळी.

कोणी म्हणेल, हा विषय बायांचा. पुरुषाने त्यात कशाला पडावे? मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. त्याची शिक्षा आमच्या घराला होता होता राहिली. म्हणूनच आज बोलतो.

एक गोष्ट आधी सांगतो. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालो आणि मास्तर झालो. जे सांगणार ते डॉक्टरांनी, नर्सबाईंनी सांगितलेले आहे. काही पुस्तकात वाचलेले आहे. आणि काही घरात ठेच लागून शिकलेले आहे.

१९७२ सालचा दुष्काळ तुमच्यापैकी म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झाला नव्हता. तो झाला १ मे १९९९ रोजी. त्या वेळी आपण परभणी जिल्ह्यात होतो. विहिरी आटल्या. जनावरे दावणीला मेली. माणसे खडी फोडायच्या कामावर जात. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खात. मी तेरा वर्षांचा होतो. माझी थोरली बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सात महिने भरेपर्यंत तिने खडी फोडली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. चार पावले चालली की तिला धाप लागे. ती चोरून भिंतीची माती खात असे. आई रागावे. पण तिला राहवत नसे.

ती बाळंत झाली. रक्त जायला लागले. फार गेले असे नव्हे, असे सुईण पुढे म्हणायची. पण तिच्या अंगात मुळातच रक्त थोडे होते. पहाटे ती गेली. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, नशीब. खरे कारण कोणी सांगितले नाही. कोणाला ठाऊकच नव्हते.

आता ते ठाऊक आहे. ते आधी समजून घेऊ.

आपल्या रक्ताला लाल रंग ज्याने येतो, त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासाबरोबर आत आलेला प्राणवायू ते अंगभर पोचवते. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते. लोह म्हणजे लोखंडच, पण अन्नातले. बाई दोन जिवांची झाली की तिच्या अंगातले रक्त वाढते. दिवस भरत येईपर्यंत ते जवळजवळ दीडपट होते. पोटातले बाळही आईकडूनच लोह घेते. नुसते त्या वेळेपुरते घेत नाही, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांची शिदोरीही बांधून घेते. एवढे लोह रोजच्या भाकरी-भाजीतून पुरत नाही. म्हणून गोळी.

तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा निघतो. गरोदर बाईचा आकडा ११ किंवा वर असावा. ११ च्या खाली आला तर रक्त कमी. ७ च्या खाली गेला तर धोका मोठा, तिला दवाखान्यात न्यायलाच हवे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. शंभर गरोदर बायांमागे बावन्न बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त. माझी बहीण एकटी नव्हती आणि ती गोष्ट जुनीही झालेली नाही.

रक्त कमी असले की धाप लागते, थकवा येतो, चक्कर येते. बाळ दिवस भरायच्या आधी येते किंवा कमी वजनाचे होते. बाळंतपणात रक्त गेले तर धडधाकट बाई सावरते, ही सावरत नाही. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख खावीशी वाटणे ही पुष्कळदा रक्त कमी असल्याची खूण असते. पेन्सिल खाणाऱ्या मुलींना मी वर्गात छड्या मारल्या आहेत. त्यांना छडीची नव्हे, तपासणीची गरज होती, हे मला उशिरा कळले.

आपल्या सरकारने लोहाच्या गोळ्या गरोदर बायांना द्यायला १९७० साली सुरुवात केली. आज चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि फॉलिक ॲसिड नावाचे जीवनसत्त्व असते. अशा १८० गोळ्या बाळंतपणाआधी आणि १८० बाळंतपणानंतर घ्यायच्या. आशाताई घरी आणून देतात. एक पैसा लागत नाही.

मग अडते कुठे? आता आमच्या घरची गोष्ट ऐका.

माझ्या धाकट्या सुनेला चौथा महिना लागला होता. दिवस हळदीच्या हंगामाचे होते. आपल्याकडे तेव्हा शिवाराशिवारात हळद शिजते. तो वास तुम्हाला आम्हाला सुखाचा, पैशाचा वाटतो. तिला मात्र तो वास आला की पोटात ढवळे. त्यातच आशाताईंनी गोळ्या आणून दिल्या. आमच्या मंडळींनी शिस्त लावली. पहाटे उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, चहाच्या घोटाबरोबर सुनेने गोळी घ्यायची. चार दिवस तिने घेतली. चारही दिवस मोरीवर जाऊन उलटी केली. पाचव्या दिवसापासून उलटी थांबली. आम्ही म्हणालो, चला, सवय झाली.

दीड महिना गेला. एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होतो. वृंदावनातली माती एका ठिकाणी लालसर दिसली. काडीने उकरले. आत गोळ्या! काही अर्धवट विरघळलेल्या, काही तशाच. तीसएक तरी असतील. सून रोज गोळी तोंडात धरी, चहा पिई आणि अंगणात येऊन तुळशीच्या मातीत पुरून टाकी.

मी संतापलो. तिला समोर उभे केले. म्हणालो, "पोरी, तू बारावी शिकलेली. अडाणी बाईसारखे काय केलेस हे? सरकारची गोळी, देवाच्या कुंडीत?" ती खाली मान घालून उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. मी अर्धा तास बोललो. मास्तरांना बोलायची सवय असते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन उपकेंद्रावर गेलो. रक्त तपासले. आकडा निघाला ८.२. मला तुळशीसमोर आला नव्हता तो घाम तिथे फुटला. डोळ्यांपुढे बहिणीचे पांढरे ओठ आले.

नर्सबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी तिला स्टुलावर बसवले, पाणी दिले आणि तीन प्रश्न विचारले.

"गोळी कधी घेत होतीस?"

"पहाटं, उठल्यावर."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर."

"आणि घेतल्यावर काय होत होतं?"

तेव्हा ती बोलली. म्हणाली, "बाई, गोळी गिळली की पोटात पिळवटून येतं. सगळं बाहेर पडतं. परसाकडं काळं होतं, ते पाहून भ्या वाटलं. चार-चार दिवस परसाकडं होतच नाही. आत्याबाईला सांगितलं तर म्हणाल्या, आम्ही नाही का लेकरं काढली? मामाला कसं सांगावं? म्हणून पुरत होते."

मंडळी, मी एकोणचाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले. पण माझ्या घरातल्या या पोरीला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. नुसते उत्तर मागितले होते. बरे, शाळेत मीच सहावी-सातवीच्या मुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी वाटत असे. ती जेवणानंतरच द्यायची, हा नियम मला पाठ होता. घरी आलो की नियम विसरलो!

नर्सबाईंनी मग जे सांगितले, ते तुम्हालाही सांगतो. नीट ऐका. ज्यांना लिहिता येते त्यांनी वहीत उतरून घ्या.

पहिली गोष्ट वेळेची. लोहाची गोळी रिकाम्या पोटी जास्त अंगी लागते, हे खरे. पण ओकून पडली तर काय अंगी लागणार? म्हणून जिला सोसत नाही तिने जेवणानंतर घ्यावी. सर्वांत चांगली वेळ रात्रीची. जेवण झाले, आवराआवर झाली, गोळी घेतली आणि निजले. मळमळ झालीच तरी ती झोपेत निघून जाते.

दुसरी गोष्ट सोबतीची. लोहाचे आणि चहाचे वाकडे आहे. चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. कॉफीचे तसेच. दुधाचेही तसेच. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा-दूध नको. गोळी पाण्याबरोबर घ्या. त्या पाण्यात अर्धे लिंबू पिळले तर फारच उत्तम. लिंबू, आवळा, पेरू यांच्यात जीवनसत्त्व 'क' असते. ते लोह अंगी लावते.

तिसरी गोष्ट दुसऱ्या गोळीची. चौथ्या महिन्यापासून हाडांसाठी कॅल्शियमची गोळीही देतात. ती दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर घ्यायची. ही आणि लाल गोळी एकत्र घेऊ नका. दोघींत दोन तासांचे अंतर ठेवा. कॅल्शियम सकाळच्या न्याहारीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर, लाल गोळी रात्री, असे केले की भांडण मिटते.

चौथी गोष्ट काळ्या शौचाची. त्याला भिऊ नका. अंगी न लागलेले लोह बाहेर पडते, म्हणून रंग काळा. त्याने बाळ काळे होत नाही. बाळाचा रंग आईबापावर जातो, गोळीवर नाही. पण पोटात फार दुखत असेल, शौचातून रक्त पडत असेल, तर मात्र दवाखाना गाठा.

पाचवी गोष्ट पोट साफ न होण्याची. पाणी भरपूर प्या. पालेभाजी, काकडी, पेरू खा. थोडे चाला. एवढ्याने बहुतेकींना गुण येतो. नाही आला तर नर्सबाईंना सांगा. मनाने जुलाबाचे औषध घेऊ नका.

सहावी गोष्ट चुकलेल्या गोळीची. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. नेहमीची एकच घ्या.

आणि सातवी गोष्ट सर्वांत मोठी. एवढे करूनही सोसले नाही, तर गोळी गुपचूप टाकू नका. येऊन सांगा. दुसऱ्या प्रकारच्या लोहाची गोळी मिळते. पातळ औषध मिळते. रक्त फारच कमी असेल किंवा तोंडाने काहीच सोसत नसेल, तर दवाखान्यात डॉक्टर सलाईनमधून शिरेत लोह देतात. वाटा पुष्कळ आहेत. पण तुमचे पोट काय म्हणते हे तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरला कसे कळणार?

सुनेचे रक्त बरेच कमी होते, म्हणून डॉक्टरांनी तिला रोज दोन गोळ्या सांगितल्या. पण घाई केली नाही. आठवडाभर रात्रीची एकच दिली. ती पोटाने सोसली. मग दुपारच्या जेवणानंतर दुसरी सुरू केली आणि कॅल्शियमच्या वेळा त्याप्रमाणे मागेपुढे करून दिल्या. त्या वेळा नर्सबाईंनी कागदावर लिहून दिल्या. तो कागद मी चुलीजवळच्या भिंतीला चिकटवला. महिन्याने आकडा ९.४ झाला. पुढच्या महिन्यात १०.६. श्रावणात नात झाली. आईचे सगळे ठीक. बाळाचे वजन पावणेतीन किलो.

आता थोडे मागे जाऊ. या गोळीतले फॉलिक ॲसिड कसे सापडले, त्याची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईत कापडाच्या गिरण्या जोरात होत्या. गिरण्यांत हजारो बाया काम करीत. त्यांच्यातल्या गरोदर बाया रक्त कमी होऊन आजारी पडत. पुष्कळ दगावत. हा रोग असा होता की नुसत्या लोहाने बरा होत नसे. १९२८ साली इंग्लंडहून लुसी विल्स नावाची एक डॉक्टरीणबाई मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने कामाला सुरुवात केली.

आधी तिला वाटले, पोटातल्या जंतूंमुळे रोग होत असेल. तसे काही निघाले नाही. मग तिने निराळी वाट धरली. कोणत्या बाया काय खातात, याची तिने पाहणी केली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध यांचा अभाव होता, त्यांना रोग जास्त होता. उंदरांना आणि माकडांना तिने तसेच निकृष्ट अन्न देऊन पाहिले. त्यांचेही रक्त कमी झाले. मग तिने औषधे तपासली. त्यात एक गोष्ट कामाला आली. पाव फुगवायला यीस्ट घालतात, त्याचा हा अर्क. दिसायला काळा, चवीला खारट. साहेबलोक तो पावाला लावून खात. बाटलीत बाजारात मिळे. तो दिल्यावर आजारी बायांचे रक्त भराभर सुधारले. १९३१ साली तिने हे जगाला कळवले.

त्या अर्कात नेमके काय होते, ते पुढे दहा वर्षांनी उमगले. १९४१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळे काढले. पानातून निघाले म्हणून पानावरूनच त्याचे नाव ठेवले. तेच फॉलिक ॲसिड. आज ते आपल्या लाल गोळीत आहे. म्हणजे मुंबईच्या गिरणीतल्या गरीब बायांच्या दुखण्यातून सापडलेले औषध आज जगभरच्या आया घेतात. त्या बायांचे हे आपल्यावर ऋण आहे.

या गोष्टीत मला एक मोठे वाटते. लुसीबाईने आधी विचारले, तू काय खातेस? नर्सबाईंनी आधी विचारले, तू गोळी कधी घेतेस? औषध पुढे आले, प्रश्न आधी आला.

फॉलिक ॲसिडचे आणखी एक काम आहे. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच आकार घेतात. तेव्हा हे जीवनसत्त्व कमी पडले तर कण्यात किंवा मेंदूत जन्माचा दोष राहू शकतो. हे १९९१ साली मोठ्या चाचणीतून पक्के झाले. पहिल्या महिन्यात तर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे कळतही नाही. म्हणून लेकरू व्हावे असा विचार असेल, तर आधीपासूनच नर्सबाईंकडून फॉलिक ॲसिडची लहान गोळी घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ फार असते. तेव्हा ही एकटी लहान गोळी देतात. तिच्यात लोह नसते, म्हणून ती पोटाला जड जात नाही.

पहिल्या महिन्यांतली मळमळ हा रोग नव्हे. पण तिच्यावरही उपाय आहे. पोट अगदी रिकामे ठेवू नये. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खावे. उठल्या उठल्या कोरडी भाकरी, लाह्या, फुटाणे असे काही तोंडात टाकावे. फोडणीच्या वासापासून दूर बसावे. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर जीवनसत्त्व 'ब-६' असलेली गोळी देतात. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. पण घोटभर पाणीही पोटात राहत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर ते साधे डोहाळे नव्हेत. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

खाण्याविषयी थोडे सांगतो. आपल्या रानात काय कमी आहे? मेथी, पालक, चाकवत, शेपू, करडईची भाजी. तुरीचे वरण, मटकी, हुलगे. तीळ, शेंगदाणे. ज्यांना चालते त्यांना अंडी, मटण, मासळी. यांतून लोह मिळते, जीवनसत्त्वे मिळतात. पालेभाजी फार वेळ उकळू नका आणि तिचे पाणी फेकू नका. फॉलिक ॲसिड त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. जेवणावर लिंबू पिळा. जेवल्यावर लगेच चहा पिऊ नका. आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर थोडे लोह तिच्यातही उतरते. पण हे सगळे गोळीच्या जोडीला, गोळीच्या ऐवजी नव्हे.

काहीजण म्हणतात, गोळीने बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अडते. ते खरे नाही. गोळीने बाळ राक्षस होत नाही. ते कमी वजनाचे होऊ नये म्हणून गोळी आहे. या खोट्या भीतीने किती सासवांनी सुनांच्या गोळ्या बंद केल्या असतील!

दुसरा घोळ टॉनिकचा. दुकानातून महागडी बाटली आणली की घरच्यांना समाधान वाटते. महाग ते गुणकारी, असा आपला समज. त्या बाटलीत बहुधा तेच लोह आणि तीच जीवनसत्त्वे असतात. मळमळीमुळे पातळ औषध बरे वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. पण मनाने दोन-तीन टॉनिके एकदम घेऊ नका. जीवनसत्त्व 'अ' फार झाले तर गर्भाला अपाय होतो. जीवनसत्त्व आहे म्हणून कितीही चालते, असे नाही.

ज्यांच्या घराण्यात सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी तो आधी डॉक्टरांना सांगावा. चौथ्या महिन्यानंतर जंताची एक गोळी देतात, तीही घ्यावी. पोटातले काही जंत रक्त पितात. एकीकडून भरायचे आणि दुसरीकडून गळायचे, असे होऊ नये.

आणि एक इशारा. लाल गोळी साखरेच्या पाकाची असते. लेकरांना ती चॉकलेटसारखी दिसते. लहान मुलाने मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतते. गोळ्या उंच फळीवर किंवा कुलपात ठेवा. खाल्ल्याचे कळले तर उलटी व्हायची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि दवाखाना गाठा.

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. त्याचा उपयोग इथेच करा. गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. ते ट्रंकेत ठेवायचे नसते, वाचायचे असते. त्यात हिमोग्लोबिनचा आकडा कुठे लिहिला आहे, ते शोधा. मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढला की घटला, ते पहा. महिनाभर गोळी घेऊन आकडा वाढला नाही, तर तसे विचारा. गोळीच्या पाकिटावर मुदतीचा महिना आणि साल छापलेले असते. ते अंक तुम्हाला आता ओळखता येतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना मोफत तपासतात. ही व्यवस्था २०१६ सालापासून आहे. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवा.

दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. गरोदर बाईही कोयता घेऊन जाते. तिला जड काम देऊ नये हे बरे. पण पोटासाठी जावेच लागले, तर निघायच्या आधी आशाताईंना भेटा. पुरेशा गोळ्या आणि ते कार्ड बरोबर घ्या. जिथे राहाल तिथल्या उपकेंद्रात कार्ड दाखवा.

पुरुषमंडळींना एक सांगतो. बाई सांगत नाही, याचा अर्थ तिला काही होत नाही असा नव्हे. ती भिते. घरात विचारणारा नसला की गोळ्या तुळशीत जातात, उकिरड्यात जातात, नालीत जातात. आणि आपण म्हणतो, रोज घेते.

मास्तराने गृहपाठ दिल्याशिवाय तास संपत नाही. आजचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी जी कोणी गरोदर असेल, तिच्याजवळ आज रात्री बसा. तिला तीन प्रश्न विचारा. गोळी कधी घेतेस? कशाबरोबर घेतेस? घेतल्यावर काय होते? विचारल्यावर रागावू नका. ऐकून घ्या. आणि तिने जे सांगितले, ते सकाळी आशाताईंना किंवा नर्सबाईंना जाऊन सांगा.

आमच्या अंगणात आजही ती तुळस आहे. नात आता तिच्याभोवती धावते. पाणी घालताना माझा हात अजून त्या जागी थांबतो. माझ्या बहिणीला गोळी मिळाली नव्हती. सुनेला मिळाली होती, पण ती पोटात राहत नव्हती. सून हाती लागली, कारण वेळेवर कोणीतरी तिला विचारले. पुढच्या वेळी ते विचारणारे तुम्ही असा.